चोरचोळी

बारामती
४ ऑगस्ट २०२५

जयवंता आत्या,

तुला फोन करणं मी सोडलं आहे, रागावू नकोस. तुला ऐकू यावं म्हणून दिपाली वहिनी फोन स्पीकरवर टाकते, आणि मी इथून तुझ्या छातीबद्दल जे विचारते ते ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जातं. मागच्या वेळी मधेच कुणीतरी पुरुष खाकरून उठून गेला. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं. आमच्या डेअरीचा टँकर रोज बावड्याच्या दूध संकलन केंद्रावर येतो. ड्रायव्हर संदेश हे पाकीट तुझ्याच हातात देईल. उत्तर त्याच्याकडेच दे. तो चौकशा करत नाही.

ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं. डावा स्तन काढला आणि त्याच वेळी तुझ्या पोटावरची कातडी, चरबी आणि स्नायूचा एक पट्टा वर घेऊन त्या जागी नवा तयार केला. पुण्याच्या वॉर्डात मी तुझ्याजवळ होते. पट्ट्या बदलताना मी सगळं पाहिलं आहे, तेव्हा माझ्यापाशी लाजायचं कारण नाही.

रणजितदादा सांगतो, आईने यंदाच्या दोन्ही तपासण्या चुकवल्या. एकदा पेरूची तोडणी होती आणि एकदा गाडी नव्हती. गाडी होती. मी त्याला विचारलं.

म्हणून मीच विचारते. प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण दे. दुखणं, हात वर जाणं, पोटाचा ताण, झोप, आरशात बघणं. आणि शेवटचं म्हणजे, हे करून घेतलं ते बरं झालं असं वाटतं का. मी इथे दुधाच्या टाक्यांची तापमापकं तपासते. आकडा हातात आला की पुढे काय करायचं ते मला कळतं.

अनिता

*

बावडा
९ ऑगस्ट

पोरी अनिता, आत्याचा हात तुझ्या डोक्यावर.

पाकीट पोचलं. संदेशनं हातात दिलं अन् तोंड फिरवून उभा राह्यला, जसं काय मी न्हाणीत हाय.

गुण मला देता येत न्हाईत. दुधाला फॅट लावत्यात तसं आत्याला लावायला निघालीस व्हय? तरी इच्यारलंस म्हणून सांगते. दुखत न्हाय. हात वर जातो, दोरीवर लुगडं टाकते. पोट ढोलकीवानी ताणलेलं हाय. कुशीवर वळल्याबिगर उठवत न्हाय, अन् गवताच्या भाऱ्याचं तर नाव काढू नगं. आरशात काय बघायचं? दोन्ही सारख्या न्हाईत. डावी जरा जड हाय, अन् तिला बोंड न्हाय. नाक-डोळं न्हाईत अशा तोंडावानी दिसती.

परवा छबूबाई, माझी थोरली जाऊ, सगळ्या बायकांम्होरं म्हणाली, "जयवंते, नवरा जाऊन इतकी वर्सं झाली, आता नवी कुणाला दाखवायला बसवलीस गं?" मी म्हणलं, "तुलाच दाखवते, चल आत." तशी ती चपला शोधाय लागली. पण आत आली असती तर दाखवली असती, एवढी मी चिडले व्हते.

एक सांगायचं ऱ्हायलं. वर हात लावला की खाली कळतं. डाव्या बाजूला बोट टेकवलं तर बेंबीखाली कुणी बोट ठेवल्यागत वाटतं. तितं तर आता नुसती शिवण हाय. अन् ती गार असती. उन्हातनं आले तरी गार, रांजणाच्या पोटावानी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या व्हत्या की बोंड मागनं करता येतं, थोडंसंच काम असतं. ते करून घ्यावं का? रणजितला इच्यारू नगं.

आत्या

*

बारामती
१६ ऑगस्ट

आत्या,

आकडे नाहीत, पण बरंच कळलं.

वर लावलेला हात खाली कळतो यात घाबरण्यासारखं काही नाही. ती कातडी पोटाची आहे आणि मेंदू तिला अजून पोटच समजतो. काही जणींचं हे हळूहळू जातं, काहींचं राहतं. गार लागते कारण त्या चरबीत रक्त कमी फिरतं. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नकोस. चटका कळणार नाही आणि कातडी भाजेल.

बोंडाचं वाचून मला बरं वाटलं. मला भीती होती की तू त्या बाजूकडे बघायचंच टाळतेस. ज्या बाईला पुढचं काम करून घ्यावंसं वाटतं तिने ते अंग आपलं म्हटलेलं असतं. तपासणीला जाऊ तेव्हा विचारू.

माझ्या प्रश्नांतल्या शेवटच्याचं उत्तर तू दिलं नाहीस. आणि एक मी विचारायचा राहिला होता. डाव्या बाजूला कुठे गाठ लागते का? कडक, गोल, काहीही. हो किंवा नाही, एवढंच लिही.

अनिता

*

बावडा
३१ ऑगस्ट

अनिता पोरी,

संदेश रोज "आजी, काय हाय का?" इच्यारायचा अन् मी न्हाय म्हणायची. हो-न्हायमधी मावत न्हाय म्हणून उशीर झाला. आता लिहिते ते फाडून टाक.

करून घेतलं ते बरं झालं का म्हणून इच्यारलंस, तितनं सांगते. पुण्याला डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दावलं, पोटाचं हे एवढं वर नेणार म्हणून. म्हणाल्या, "आजी, या वयात बऱ्याच जणी नको म्हणतात. तुम्हाला नक्की करायचंय?" रणजितनं मान खाली घातली. तू खिडकीतनं भाईर बघत व्हतीस. मी व्हय म्हणलं. तुमाला वाटलं, म्हातारीला हौस.

रणजितच्या आदी मला एक मुलगी झाली व्हती. तुझ्या बापाला ठाऊक हाय, पण आमच्यात ते कुणी बोलत न्हाय. इंदापूरच्या दवाखान्यात आठव्या महिन्यात झाली. जिती नव्हती. मला दावली न्हाय. सासऱ्यानं कापडात गुंडाळून नेली अन् शिवारात पुरली. कुठं, ते सांगितलं न्हाय. पुढं त्या रानातनं चालताना मी पाय उचलून टाकायची.

दूध मात्र आलं. येतच राह्यलं. सासूनं छातीवर फडकं आवळून बांधलं. ती माझ्या अंगावर कधी प्याली न्हाय, अनिता. ती जेवढी म्हणून जगली ती पोटातल्या त्या जागंला जगली. अन् बाईंनी चित्रात दावलं, ती जागा उचलून छातीशी नेणार. मग मी न्हाय कशाला म्हणू?

ती आलीय. आखाडात पयल्यांदा हाताला लागली, वाटाण्याएवढी. आता लिंबाएवढी हाय. आतल्या अंगाला, आमच्याकडं पाठ करून निजलेली. दुपारचं जेवून पडलं की लाथ मारती. रणजितच्या टायमाला मी लाथा खाल्ल्यात. वात कुठला अन् लाथ कुठली, ते मला पुस्तक वाचून कळायला नगं.

बोंडाचं त्याच्यापायी इच्यारलं. तिला तोंड लावायला जागाच न्हाय.

रणजितला सांगशील तर मी ह्या जन्मात तपासणीला यायची न्हाय. ते कापून काढतील. एकदा नेली माझ्याम्होरनं.

आत्या

*

बारामती
१ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र मी टाक्यांजवळ उभ्यानेच वाचलं. नंतर एकाच टाकीचं तापमान दोनदा चुकीचं लिहिलं. माझं असं होत नाही.

रणजितदादाला काही सांगितलेलं नाही, आणि आज तरी सांगणार नाही.

गाठ दोन गोष्टींची असू शकते. एक म्हणजे आजार परत आला. दुसरी म्हणजे वर आणलेल्या चरबीच्या एखाद्या भागाला रक्त पोचलं नाही आणि तिथे गोळा झाला. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. सोनोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा, याशिवाय फरक कळत नाही. पहिली असेल तर थांबलेला प्रत्येक आठवडा तुझ्या विरुद्ध जातो. तू ज्याला लाथ म्हणतेस ते पोटाच्या स्नायूचं फडफडणं असेल. तो पट्टाही वर आला आहे.

ती मुलगी आहे की नाही यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. मला त्यातलं काही मोजता येत नाही. पण ती गाठ आजाराची असेल तर तू जाशील, आणि तू गेलीस तर तीही तुझ्याबरोबर जाईल. एवढं मात्र मला नक्की माहीत आहे.

काय केलं म्हणजे येशील? अट सांग. मी पुरी करेन.

अनिता

*

बावडा
७ सप्टेंबर

अनिता,

तू जाशील, असं तोंडावर लिहिणारी तूच. बाकी सगळी "आत्या, अजून धडधाकट हायसा" म्हणत्यात. मला तुझं बरं वाटलं.

अट एकच हाय. मला चोरचोळी घाल.

तुला हे कुणी सांगितलं नसंल. बाईला तिसरा लागला की माहेरची बाई येती, सासरी कुणाला न कळू देता हिरवी चोळी घालती अन् ओटी भरून जाती. ती चोरचोळी. माझ्या येळंला तुझ्या आजीनं खणाची चोळी शिवून ठेवली व्हती. निघायच्या आदल्या दिवशी भावकीत मयत झालं, सुतक लागलं. मग म्हणाले, आता सातव्यातच मोठं करू. सातव्यात मी अंथरुणाला खिळलेली. पोर गेल्यावर सासू म्हणाली, "चोरचोळी मिळाली न्हाय की पोराला कळत न्हाय आपण कुणाच्या घरी चाललोय. मग ते वाटंतच बसतं."

वाटंतच बसलीय ती इतकी वर्सं.

नवरा नसलेल्या बाईची ओटी भरत न्हाईत हे मला शिकवू नगं. अन् आजच पितरांचा पंधरवडा लागला, त्यात असलं काय करत न्हाईत हेबी ठाऊक हाय. पण ती कुठं जित्यांतली हाय? तिला हाच पंधरवडा लागू हाय. चोळी घाल, मग म्हणशील तितं येते.

मापाला माझी जुनी चोळी संदेशजवळ दिलीय. डावी बाजू सैल ठेवायला सांग. ती वाढायची हाय.

आत्या

*

बावडा
१६ सप्टेंबर

अनिता,

चोळी अंगाबरोबर बसली. रविवारी तू घालून गेलीस तवापासनं पेटीत हाय, दुपारी घरात कुणी नसलं की घालते. दिपालीला वाटतं मी देवाचं काय करते.

तुझं मात्र हसू आलं. पेरूच्या बागंत, पाटाच्या कडंला बसून माणूस ओटी भरतंय, अन् तू पिशवीतनं काय काढलंस तर मोजून बांधलेलं तांदूळ! मोबाइलमधी बघून आली व्हतीस व्हय? नारळाची शेंडीबी उलटीकडं केलीस. मी बोलले न्हाय. कुंकवाची डबी उघडून तुझा हात थांबला, ते दिसलं मला. मग लावलंस. रणजितचा बाप महिपती जाऊन सात वर्सं झाली, माझ्या कपाळाला त्यानंतर बोट लागलं न्हवतं.

पण मी दुसरंच इच्यारायला बसलेय.

चोळीची गाठ तू बांधलीस. बांधताना डाव्या अंगाला तुझा तळवा टेकला. थोडा येळ तसाच ऱ्हायला. मग तू तो चटका बसल्यागत काढून घेतलास अन् दुसऱ्या हातानं आपलंच मनगट धरलंस. मी म्हणलं, काय गं? तू म्हणालीस, "काही नाही, गार आहे." गार लागलं म्हणून कुणी असा हात काढत न्हाय. जाताना पाणीबी न पिता गेलीस.

काय लागलं तुला?

आता दुसरं. इंदापूरच्या त्या दवाखान्यात एक नर्स व्हती. मी रडत न्हवते म्हणून ती माझ्याजवळ बसून रडली. अनिता नाव. पोर जगली असती तर तेच ठेवायचं असं मी मनात धरलं. ती तर नेलीच. मग रणजित झाला, पुढं मुलगी झालीच न्हाय. तिच्यामागं एकोणीस वर्सांनी माझ्या भावाला तू झालीस. बारशाला आत्यानं कानात नाव सांगायचं असतं. तुझी आई दुसरंच कायतरी ठरवून बसली व्हती. मी तुझ्या कानाशी वाकले अन् जे आत व्हतं तेच तोंडातनं आलं.

आता ती आलीय. चोळीबी मिळाली. तिला बिननावाची कशी ठेवू? तुझ्याजवळ शाळेचा दाखला हाय, नोकरी हाय, तुझं काय अडतंय? तरी तुला इच्यारल्याबिगर देणार न्हाय. तू तुझ्या तोंडानं सांग.

गुरुवारी मी तयार ऱ्हाते. रणजितला म्हणावं, नेहमीची तपासणी. सुई टोचू दे. कापायचं न्हाय.

आत्या

*

बारामती
२६ सप्टेंबर

आत्या,

तुकड्याचा रिपोर्ट आज आला. आजार परत आलेला नाही. हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

तो चरबीचा गोळा आहे. वर आणताना त्या भागाला रक्त पोचलं नाही, तो तिथेच मेला, आणि शरीराने त्याच्याभोवती कडक कवच केलं. पुण्याच्या डॉक्टरांना मी सगळं पाठवलं. त्यांचं म्हणणं, काढायची गरज नाही. तो तुला अपाय करणार नाही, आयुष्यभर तसाच राहू शकतो. दर सहा महिन्यांनी बघायचा. त्यातली एकही तपासणी तू चुकवणार नाहीस, ही माझी अट. तुझी मी पुरी केली आहे.

मागच्या आठवड्यात गुरुवारी सोनोग्राफीच्या खोलीत तुला सगळं ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टर पडद्यावर रक्ताचा प्रवाह शोधत होत्या. गोळ्यात एक ठिपकाही उमटला नाही. त्या तुझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आजी, यात जीव नाही." आणि तू इतक्या मोठ्याने बोललीस की बाहेर रणजितदादा दाराशी येऊन उभा राहिला. "ते मला ठाऊक हाय, बाई. जीव हाय असं मी कवा म्हणलं?" त्याने नंतर मला विचारलं, आई कुणाबद्दल बोलत होती. मी म्हटलं, गाठीबद्दल. पण गाडी चालवताना तो आरशातून तुझ्याकडे बघत होता. तू डावा हात पदराखाली धरून झोपली होतीस.

आता तू विचारलंस ते.

चोळीची गाठ बांधताना माझ्या तळहाताच्या मध्यावर आतून तीन ठोके बसले. मग थोडं थांबून आणखी एक, जास्त जोराचा. मी मनगट धरलं ते माझी नाडी पाहायला. ती एकसारखी चालू होती, वेगळ्या लयीत. तुझं हृदय म्हणावं तर ते इतकं अडखळत नाही. त्या गुरुवारी तुझा ईसीजी काढला तो मी पाहिला आहे.

मी तुला लिहिलं होतं की तो स्नायू फडफडत असेल. ते चूक होतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरांना विचारलं. त्या स्नायूची नस ऑपरेशनच्या वेळीच तोडलेली आहे, दीड वर्षात तो आकसून दोरीसारखा झाला आहे. तो हलत नाही. त्यांनी स्वतः बराच वेळ हात ठेवून पाहिला, त्यांना काही लागलं नाही. तू तेव्हा माझ्याकडे बघत होतीस. मी मान वळवली. याबद्दल मला वाईट वाटतं.

डेअरीत दोन तापमापकं वेगळे आकडे दाखवू लागली की आम्ही तिसरं लावतो. इथे तिसरं माझ्याकडे नाही. म्हणून मी दोन्ही लिहून ठेवते. यंत्राला काही दिसलं नाही. माझ्या हाताला लागलं.

नावाचं. माझ्या वर्गात पूजा चार होत्या, प्रियांका तीन, अनिता मी एकटी. मैत्रिणी म्हणायच्या, हे तर आमच्या मावश्यांचं नाव आहे. आईला विचारलं की ती म्हणायची, आत्याला विचार. मी कधी विचारलं नाही. तुझी मुलगी माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी आहे, आणि नाव आधी तिच्यासाठी धरलेलं होतं. तेव्हा तिला दे. कागदावर माझं राहू दे, पगार त्या नावाने होतो.

बोंडाचं काम पुढच्या तपासणीला विचारू. ती जागा तिला हवी असेल तर ते तुझं तू ठरव. मी डॉक्टरांना एवढंच सांगेन की पेशंटची इच्छा आहे.

दिवाळीला येईन. मला पोरी म्हण, नाहीतर काहीही म्हण. त्या गुरुवारपासून इथे कुणी मला नावाने हाक मारली की मी लगेच ओ देत नाही. आधी थोडं थांबते, दुसरीकडून कुणी देतं का ते ऐकायला.

तुझ्या भावाची मुलगी